लखूचं मानपत्र

शुक्रवारी दुपारी मी ओट्याशी उभी राहून साबुदाणा भिजत घालत होते, तेव्हा आमच्या टीमनं लखूला देऊन टाकलं. बातमी फोनवर आली. मी ती दोनदा वाचली आणि नको तेवढं पाणी ओतून बसले. त्या दिवशी खिचडीचा पार गोळा झाला आणि माझ्या नवऱ्यानं, राजेशनं, तो मुकाट्यानं खाल्ला.

लखू म्हणजे ल्यूक गार्नेट, अमेरिकेतल्या राले शहराच्या हॉकी टीमचा कॅप्टन. हॉकी म्हणजे बर्फावरची. अकरा वर्षांपूर्वी हा पोरगा आला तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. ‘ल्यूक’ माझ्या तोंडात बसेना, म्हणून पहिल्याच सीझनला मी त्याचा लखू केला, आणि आता रालेशेजारच्या आमच्या मॉरिसव्हिल गावात निम्म्या मराठी घरांत तो लखूच आहे. त्याचा गुडघा मोडला तेव्हा मी चार सोमवार धरले होते. राजेश म्हणाला, सर्जन चांगला होता. असेल.

मला हॉकीतलं कळतं, हे आधीच सांगून ठेवते. छप्पन्न वर्षांची बाई ऑफसाइडबद्दल बोलायला लागली की लोक कौतुकानं हसतात, आणि मला ते हसणं सहन होत नाही. अठरा वर्षांपूर्वी आम्ही नागपूरहून इथं आलो. नागपुरात मी बँकेत होते. गल्लीत कुणाचं भांडण झालं तर सोडवायला मला बोलवायचे, कधीकधी सुरूही मीच करायचे. इथं माझ्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती आणि गाडी मला येत नव्हती. राजेश ऑफिसला गेला की दिवसभर मी आणि भिंती. वर्षभरात माझा आवाज कुणी ऐकला नसेल. मग राजेशला ऑफिसात दोन फुकट तिकिटं मिळाली. आम्ही स्वेटरवर स्वेटर घालून गेलो. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी कुणालातरी बर्फाभोवतीच्या काचेवर आपटलं, सगळं स्टेडियम उठून ओरडलं आणि मीही ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, मराठीत होतं एवढं खरं. शेजारच्या गोऱ्या आजींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि आपले पॉपकॉर्न पुढे केले. अमेरिकेत मला पहिल्यांदा बरं वाटलं ते तिथं.

तर त्या लखूला त्यांनी कॅलिफोर्नियाला, सॅन होजेच्या टीमला दिलं. बदल्यात तिकडून ओस्कर वेस्टमन नावाचा डिफेन्समन आणला, स्वीडनचा, तेहेतीस वर्षांचा. आपल्याकडे पूर्वी साटंलोटं करायचे, आमची मुलगी तुमच्याकडे आणि तुमची आमच्याकडे, त्यातला प्रकार. त्या मुलींना कुणी विचारायचं नाही, तसं ह्यांनाही विचारत नाहीत.

सौदा मूर्खपणाचा असता तर मी मनसोक्त शिव्या दिल्या असत्या. पंचाईत अशी की तो शहाणपणाचा होता. लखूचा करार उन्हाळ्यात संपत होता, मग तो गेलाच असता आणि आमच्या हाती काहीच लागलं नसतं. आणि आमचा डिफेन्स म्हणजे नुसती धर्मशाळा, कुणीही यावं आणि गोल करून जावं. दोन वर्षं मीच टीव्हीपुढे बसून बोंबलत होते की एक दांडगा डिफेन्समन आणा, काही का द्यावं लागेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डोक्याला पटत होतं आणि पोटात तुटत होतं.

माझ्या रागाला आणखी एक कारण होतं. राजेशच्या कंपनीनं मॉरिसव्हिलचं ऑफिस बंद करायचं ठरवलं होतं. सांता क्लाराच्या ऑफिसला या, नाहीतर राम राम. सांता क्लारा आणि सॅन होजे ही एकमेकांना चिकटलेली गावं आहेत. उत्तर द्यायला आमच्याकडे त्या शुक्रवारपासून दहा दिवस होते, पुढचा रविवार गेला की सोमवारी सांगायचं.

“बघ शुभा, लखूसुद्धा तिकडेच शिफ्ट होतोय,” खिचडीचा गोळा फोडत राजेश म्हणाला. त्याला बिचाऱ्याला विनोद करायचा होता.

“त्याला कुणी विचारलं का?”

“नाही.”

“मला विचारलंय ना? मग माझं उत्तर नाही.”

“ओके. तू नो म्हणालीस तर मी त्यांना नो कळवतो. टेन्शन घेऊ नकोस.”

हा माणूस एकदा तरी भांडला असता तर बरं झालं असतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला दुसरी नोकरी कोण देणार, हे तोही बोलत नव्हता आणि मीही नाही.

माझं कॅलिफोर्नियाशी काही वाकडं नाही. हवा चांगली आहे म्हणतात, भाजी ताजी मिळते म्हणतात. मला भीती वाटत होती ती पुन्हा नवं होण्याची. इथं मी शुभाकाकू आहे. लायब्ररीतल्या बाईला माझं नाव येतं. मॅचला माझ्या मागच्या रांगेतले लोक मी हातवारे करत उठायच्या आधी आपलं खाणं बाजूला ठेवतात. हे सगळं जमायला मला अठरा वर्षं लागली. तिकडे मी पुन्हा राजेशची बायको होणार, आणि भिंती.

त्यात मंडळाचा कार्यक्रम डोक्यावर होता. आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी उल्हास, त्याची मुलगी रुही टीमच्या ऑफिसात काम करते. तिच्या ओळखीनं गुढीपाडव्याच्या आधीच्या शनिवारी गावातल्या बर्फाच्या रिंकवर मुलांचा हॉकी दिवस आणि लखूचा जाहीर सत्कार ठरला होता. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि मानपत्र, सगळं रीतसर. मानपत्र मी लिहिलं होतं. डिसेंबरपासून लिहीत होते. लखू दोन मिनिटं उभा राहील आणि त्यातलं त्याला अक्षरही कळणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं. काही गोष्टी माणसाला समजाव्यात म्हणून सांगायच्या नसतात, नुसत्या सांगायच्या असतात.

शनिवारी सकाळी रुहीचा फोन आला.

“काकू, आय ॲम सो सॉरी. ल्यूक तर गेला. बट दे आर सेंडिंग ओस्कर इन्स्टेड.”

“कार्यक्रम कॅन्सल कर.”

“काकू, सिक्स्टी किड्स साइन अप झालेत. आणि ही सेड येस लगेच. ही डझन्ट नो एनीबडी हिअर.”

“मीही कुणाला ओळखत नव्हते. तेव्हा माझा सत्कार केला का कुणी?”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, अशी माझी गत. त्या पोरीचं काय चुकलं होतं? मग मी म्हटलं, बरं, करा काय करायचं ते, पण मी काही वाचणार नाही.

वाचायचं काम उल्हासनं अंगावर घेतलं. “शुभाताई, तुम्ही टेन्शनच घेऊ नका,” तो म्हणाला. “सन्मानचिन्हावर स्टिकर लावतो. मानपत्रात नाव रिप्लेस करतो. दोन मिनिटांचं काम आहे.” उल्हास पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या लेखी जगातलं कुठलंही काम दोन मिनिटांचंच असतं.

आठवडा गेला. मधल्या दोन मॅच मी पाहिल्या नाहीत, आणि हे माझ्याकडून इतक्या वर्षांत झालेलं नाही. राजेश एकटाच सोफ्यावर बसून पाहत होता. त्याला खरं तर क्रिकेट आवडतं. “तो नवा चांगला खेळतोय,” तो आतून म्हणाला. मी भांडी जरा जोरात आपटली.

कार्यक्रमाच्या दिवशी रिंकवर ही गर्दी. हेल्मेट घातलेली साठ मुलं बर्फावर धडपडत होती, आया काचेला नाक लावून उभ्या होत्या, बाप फोटो काढत होते. प्रत्येक मुलाच्या पाठीवर लखूचं नाव. ती जर्सी घराघरात होती, दुसरी कुठून आणणार?

आणि ओस्कर वेस्टमन पाण्याच्या बाटल्यांच्या मशीनशेजारी एकटाच उभा होता. ताडमाड उंच, पुढचा एक दात नाही, डोळ्यांखाली काळं. अंगातल्या नव्या लाल जर्सीची घडीसुद्धा अजून मोडली नव्हती. तो फोनकडे पाहत होता, पण अंगठा हलत नव्हता.

ते उभं राहणं मी ओळखते. पहिल्या वर्षी मंडळाच्या हळदीकुंकवाला मी अशीच कोपऱ्यात उभी होते, हातात कागदी प्लेट धरून. प्लेटमधलं संपलं तरी धरून, कारण ती टाकली असती तर हातांचं काय करायचं कळलं नसतं.

असं सगळं कळत होतं, तरी मी गेले नाही त्याच्याजवळ. हट्ट हा हट्टच असतो. मी बर्फावरून बाहेर आलेल्या मुलांना दटावून रांगेत उभं केलं आणि तिकडे पाहिलंच नाही.

मग उल्हासनं माइक घेतला. अध्यक्षीणबाई आजारी, म्हणून शाल घालायचं माझ्याकडे आलं. मी घातली. ओस्करला त्यासाठी गुडघ्यांत वाकावं लागलं. नारळ हातात दिला तर त्यानं तो कानाशी नेऊन हलवून पाहिला. मी त्याच्या शेजारी उभी राहिले आणि उल्हासनं चष्मा लावून मानपत्र वाचायला सुरुवात केली.

“श्रीयुत ओस्कर वेस्टमन यांस सादर. गेली अकरा वर्षं आपण आमच्या गावाचं नाव राखलंत.”

गर्दीत कुजबुज झाली. ओस्कर येऊन आठ दिवस झाले होते.

“मिसरूड फुटण्याआधी आपण इथं आलात आणि आमच्या डोळ्यांदेखत मोठे झालात.”

आता मागे लोक हसायला लागले. ह्या शहाण्यानं फक्त नाव बदललं होतं. बटण दाबून जिथं जिथं लखू होता तिथं तिथं ओस्कर घातला आणि बाकी सगळं माझं तसंच ठेवलं. उल्हास कानापर्यंत लाल झाला, पण मानपत्र एकदा सुरू केलं की मधे थांबता येत नाही. तो वाचत राहिला.

“आपला गुडघा मोडला तेव्हा आमच्या घरांतून उपास झाले. आणि दोन वर्षांपूर्वी, सॅन होजेविरुद्ध, शेवटच्या मिनिटाला आपण जो गोल केलात...”

इथं मात्र लोकांना आवरेना. रुहीनं कपाळाला हात लावला. ओस्कर सगळ्यांबरोबर थोडासा हसला, आपल्यावर हसताहेत की आपल्यासाठी हे न कळणारा माणूस हसतो तसं. मग वाकून त्यानं मला इंग्रजीत विचारलं, “मी काय केलं?”

काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेता आली असती. पण ते माझे शब्द होते, आणि तीन महिने लिहिले होते. मी त्याला सगळं सांगितलं. अकरा वर्षं, मिसरूड, गुडघा, उपास आणि चूक कशी झाली तेही. तो मान वाकवून ऐकत होता, नारळ पोटाशी धरून.

“तो शेवटच्या मिनिटाचा गोल मला आठवतो,” तो म्हणाला. “बर्फावर आडवा पडलेला होता ना एक जण, तो मी.”

मी फस्सकन हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा. तोही हसला, आणि ह्या वेळी तो गेलेला दात नीट दिसला.

मग तो म्हणाला, “इथं आल्यापासून प्रत्येक जण मला विचारतो की तू काय करून दाखवणार. कोच विचारतो, पत्रकार विचारतात. आधीच थँक्यू म्हणणारे तुम्ही पहिले. अकरा वर्षं काही माझ्याच्यानं होणार नाहीत. पण हे मी परत देणार नाही.” आणि उल्हासच्या हातातून त्यानं ते मानपत्र, चौकटीसकट, काढूनच घेतलं. उल्हासला वाटलं तो चिडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला रडू आलं. लखूसाठी आलं, माझ्यासाठी आलं, ह्या दात पडलेल्या माणसासाठीही आलं, आणि त्यातलं किती कुणाचं हे मला सांगता येणार नाही.

“तुम्हाला सवय असेल,” मी नाक पुसत म्हटलं. “गावं बदलायची.”

“ही पाचवी टीम. सवय होत नाही. बायको आणि मुली शाळा संपेपर्यंत तिकडेच आहेत. रोज सकाळी उठून आपण कुठं आहोत ते आठवावं लागतं.” त्यानं काचेपलीकडे पाहिलं. “पण रिंक सगळीकडे तेवढंच लांब असतं. पहिले काही दिवस मी फक्त तेवढंच धरून राहतो.”

“आम्हीही सांता क्लाराला जाऊ कदाचित,” मी म्हणाले. हे ‘कदाचित’ मी राजेशलाही म्हटलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

“सांता क्लारा? आम्ही तिथंच राहतो,” तो म्हणाला. “मग तुम्हाला नीना भेटायला हवी. आमच्या खालच्या मजल्यावर राहते, इंडियन आहे. पार्किंगवरून सगळ्या बिल्डिंगवर ओरडते आणि संध्याकाळी माझ्या मुलींना खाऊ आणून देते. अगदी तुमच्यासारखी.”

“माझ्यासारखी म्हणजे?”

“मघाशी त्या मुलांना तुम्ही जसं रांगेत उभं केलंत, तशी.”

पाहत होता म्हणजे. मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते आणि तो तिकडून मलाच पाहत होता.

त्यानं तिथल्या तिथं बायकोला मेसेज टाकला की नीनाला सांगून ठेव, एक बाई येणार आहेत. मी नको नको म्हणत राहिले. मग मीही माझं काम केलं. पोरांना हाक मारली, “ए, तिकडे काय करताय, इकडे या सगळे.” ती बिचकत बिचकत आली. सगळ्यात पुढे एक चिमुरडी होती. तिनं पाठ वळवली आणि विचारलं, “इट सेज ल्यूक. इज दॅट ओके?” ओस्कर गुडघ्यांवर बसला आणि लखूच्या नंबरखाली, कोपऱ्यात, लहान अक्षरांत त्यानं सही केली. साठाच्या साठ जर्सींवर तशीच केली, लखूचं नाव कुठंही न झाकता. निघताना त्यानं नारळ कशावर फोडायचा ते विचारलं. मी म्हटलं, बर्फावर नको, बाकी कशावरही.

घरी येताना गाडी राजेश चालवत होता. सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हटलं, “सोमवारी त्यांना हो सांग.”

सिग्नल हिरवा झाला तरी तो हलला नाही. मागच्यानं हॉर्न दिला.

“आर यू शुअर?”

“शुअर नाही. पण सांग.”

त्यानं माझा हात धरला आणि आमचं वळण चुकवून तो पुढे गेला. मग लांबून वळसा घालून आम्ही घरी आलो. वाटेत म्हणाला, “आपलं कढीपत्त्याचं झाड तिकडे नेता येत नाही म्हणे. रूल आहे.”

“उल्हासला देऊ,” मी म्हटलं. “दोन मिनिटांच्या कामाची शिक्षा.”

त्या मंगळवारच्या मॅचला आम्ही गेलो. दुसऱ्या पिरियडमध्ये ओस्करनं अंग झोकून एक जबरदस्त शॉट अडवला, छातीवर घेतला आणि उठून पुन्हा धावला. मी उभी राहून त्याच्या नावानं ओरडले. मागच्या रांगेतल्यांनी आपलं खाणं आधीच बाजूला ठेवलं होतं.

लखू गेला ह्याचं दुःख गेलेलं नाही. ते राहू दे, त्याचं मला ओझं होत नाही.

आता जून संपत आलाय आणि घरभर खोकी आहेत. लखूनं सॅन होजेशीच पुढचा करार केलाय. नीनाचे दोन मेसेज येऊन गेले. पहिल्यात तिनं पार्किंगचे नियम कळवले आणि दुसऱ्यात विचारलं की पुरणपोळी येते का. काल राजेश कपाट आवरत होता. त्यानं माझी लखूची लाल जर्सी वर धरली.

“ही डोनेट करायची का? तिकडे तर ऑपोझिट टीम होईल ना. ही घालून त्यांच्या स्टेडियममध्ये बसलीस तर लोक बू करतील.”

“करू देत,” मी म्हटलं आणि जर्सी त्याच्या हातातून घेऊन घडी घातली. “ऑक्टोबरात पहिल्या मॅचला हीच घालून काचेजवळ बसणार आहे मी. एवढ्या अनोळखी लोकांत लखूला घरचं कुणीतरी दिसायला नको का?”